सळया सोडलेलं गाव

जुन्नर, ४ फेब्रुवारी २००१

स्नेहल,

वर 'चिरंजीव' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. तीन वर्षं आपण बोललो नाही, तेव्हा मायना राहू दे. मी तुझा बाप, सयाजी गवंडी. अक्षरावरून ओळखशीलच.

दुबईचा पत्ता तुझ्या आईच्या डब्यातून घेतला, तिला न विचारता. दर रविवारी ती केवलचंदच्या दुकानातल्या फोनवर तुझ्याशी बोलते आणि मी बाहेर पायरीवर बसतो. तू कधी म्हणत नाहीस, नानांना दे. मीही मागत नाही. आणि तिथं बोलायची सोय तरी कुठंय? केवलचंदच्या दुकानात शिंकलं की पेठेच्या त्या टोकाला काढा उकळायला ठेवतात.

लिहायला कारण तसं काही नाही. तू आईला शहरांच्या चित्रांची कार्डं पाठवतेस, ती तिनं आरशाच्या चौकटीत खोचलीत. दाढी करताना रोज बघावीच लागतात. म्हणलं, गवंड्याला काय दिसतं ते तुला कळवावं. कॉलेजात असताना तू एक मोठा कागद केला होतास, आठवतं का? पुणे, मुंबई आणि आपलं जुन्नर, तिन्ही गावांची आभाळाला लागलेली नुसती रेघ. जुन्नरची रेघ लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर बसून काढलीस आणि मी पाण्याची बाटली धरून शेजारी बसलो होतो. तू म्हणालीस, "नाना, गाव ओळखायचं तर ते वर कसं संपतं ते बघायचं." तेव्हापासून मला खोडच लागली.

तर दुबई. एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच घरं आणि मागं वाळू. लग्नातली पंगत बसली आणि मंडप घालायचाच राहिला. प्रत्येकाचं टोक निराळं, कुणाचं तिरकं, कुणाचं सुईगत. मालकांची चढाओढ दिसते. हाँगकाँगला मागं डोंगर, पुढं पाणी, मधे पाय ठेवायला जागा नाही, म्हणून सगळी घरं जत्रेतल्या माणसांसारखी टाचा उंच करून उभी. तू सुट्टीत गेलीस ते इस्तंबूल मला सगळ्यांत आवडलं. घुमट मांडी घालून बसलेत, मिनार तेवढे उभे. वरचं वजन खाली कसं उतरत जातं ते चित्रातसुद्धा दिसतं. ज्यानं बांधलं त्याला झोप लागत असेल. आणि तुझ्या मैत्रिणीनं आणलेलं न्यूयॉर्क. त्यातले ते दोन एकसारखे मनोरे, वर सपाट, ओळंब्यात सरळ. त्या दोघांकडं बघितलं की मला धीर येतो. बांधकाम असं असावं.

आपली रेघ तू काढलीस तीच आहे अजून. मागं शिवनेरी, पुढं मशिदीचा मिनार, केवलचंदच्या जैन देरासराचं शिखर, गावच्या पाण्याची टाकी. एवढंच काय ते वर संपतं. बाकी सगळं गाव सळया सोडून उभं. पोरगा मोठा होईल, लग्न होईल, तेव्हा त्याच्यासाठी मजला चढवायचा, म्हणून प्रत्येक गच्चीवर प्रत्येक कॉलममधून चार-चार सळया आभाळात. आणि त्या कापायच्या नाहीत. कापल्या तर वंश खुंटतो म्हणतात. तू कागदावर जुन्नरच्या खाली लिहिलं होतंस, 'हे गाव वर संपत नाही.' तुझ्या सरांनी शाबासकी दिली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

बाकी सगळं ठीक. सव्वीस जानेवारीला गुजरातेत भूकंप झाला तेव्हा आपल्याकडं नुसती भांडी किणकिणली. मी वरच्या मजल्यावर भरतकडं चहा पीत होतो. बशीत चहा सांडला, बस्स. भरतच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या कॉलमला केसाएवढं काहीतरी दिसतंय. प्लास्टरचं असणार. तू शिकलेली आहेस म्हणून सहज विचारतो: प्लास्टरची चीर आडवी असते का?

नाना


जुन्नर, १२ फेब्रुवारी

स्नेहल,

पहिलं पत्र पोचलं नसेल तोवर हे दुसरं. म्हातारा चळला म्हण.

ती चीर प्लास्टरची नाही. भरतची बायको हर्षाली माहेरी गेली होती त्या दुपारी छिन्नी घेऊन वर गेलो. चार बोटं प्लास्टर खरवडलं. चीर आत जाते. फरशीपासून वीतभर वर, कॉलमच्या चारी बाजूंनी फिरलीय, करगोट्यासारखी. मी परत प्लास्टर केलं, चुना फासला, खाली येऊन जेवायला बसलो. तुझी आई म्हणाली, "हात का कापतोय तुमचा?" म्हणलं, मिरची लागली. "मिरचीनं हात कापतो व्हय?" म्हणाली आणि माझ्याकडं बघतच राहिली.

मग तूच पुण्याहून शिकून आलेली युक्ती केली. चिरेवर काचेची पट्टी आडवी धरून दोन्ही टोकं पक्की चिकटवायची. कॉलम गप असेल तर काच शाबूत राहते, हलत असेल तर तुटते. फोटो फ्रेमवाल्याकडून बोटभर पट्टी कापून आणली. हर्षालीला सांगितलं, मुंग्यांचं औषध लावलंय, हात लावू नको. आता रोज सकाळी सुनेची खुशाली विचारायला म्हणून वर चढतो आणि काच बघून येतो. खुशाली विचारायची कधी कधी राहूनच जाते.

त्याच कॉलमच्या डोक्यावर, गच्चीत, खांबांवर उचलून बांधलेली पाण्याची टाकी आहे. विटांची, दोन हजार लिटरची, माझ्या हातची. मी मोटारीची वायर काढून ठेवलीय आणि मोटार जळाली म्हणून सांगितलंय. भरत खालून बादल्या वाहतो आणि मला ऐकू येईल असं म्हणतो, "गावाला घरं बांधून दिली राव, आन घरात पाणी न्हाई." मी ऐकून घेतो. मी! ऐकून घेतो!

आता जे सांगायचंय ते. हर्षालीला सातवा लागतोय. तुझ्या आईनं डोहाळजेवण ठरवलंय, सात मार्चला, बुधवारी, होळीच्या आधीच्या चांदण्यात, गच्चीवर. चाळीस बाया. आणि टाकीखालच्या तुळईला फुलांचा झोपाळा बांधायचा. त्याच कोपऱ्यात, कारण तिथनं मागं शिवनेरी येतो आणि फोटो चांगला निघतो.

मी म्हणालो, खाली अंगणात करू. "अंगण कुठंय? तिथं तुमीच केवलचंदला दुकान बांधून दिलं न्हवं?" म्हणलं, ऊन लागेल. "चांदण्याचं ऊन लागतं व्हय पावणं?" असं म्हणाली. चाळीस वर्षं संसार केला आणि मला पावणं म्हणाली. हर्षाली तोंडाला पदर लावून हसत होती.

मला भीती वाटते, स्नेहल. ही ओळ मी आयुष्यात कधी लिहिली नव्हती. चाळीस बाया, टाकी, झोपाळ्याचे हेलकावे आणि पोटुशी सून. टीव्हीवर अहमदाबादची घरं दाखवतात, मजल्यावर मजला बसलेला, मधे जागाच नाही. मी उठून टीव्ही बंद करतो.

एका ओळीत कळव. टिकेल का नाही?

नाना


जुन्नर, १९ फेब्रुवारी

स्नेहल,

काल वर गेलो तर काच जागेवर नव्हती. मी तिथंच खाली बसलो. हर्षाली घाबरून पाणी घेऊन आली. म्हणाली, "मामा, पायाला लागली असती म्हणून मीच काढून टाकली." मी विचारलं, काढताना तुटली का? म्हणाली, "न्हाई, दोन तुकडे झालेलेच व्हते. तुमच्या औषधानं मुंग्या काय गेल्या न्हाईत."

सहा दिवसांत काच तुटली.

दुसरी लावलीय. भरतला म्हणलं, उकाडा लई आहे, तुम्ही दोघं खाली झोपा. फेब्रुवारीत कसला उकाडा, म्हणाला. मी आवाज चढवला, तो वर निघून गेला. मी माझ्या खाटेवर पडून छताकडं बघत असतो. वर कोणी पाय आपटला की उठून बसतो. तुझी आई कूस बदलून विचारते, काय झालं, मी म्हणतो उंदीर.

आता सळयांचं लिहितो. तुला माहीत आहे, तरी माझ्या हातानं लिहितो.

चौऱ्याऐंशी साली खालचे दोन मजले बांधले आणि भरतसाठी वर सळया सोडल्या. तू तिसरीत होतीस. गच्चीवर येऊन विचारलंस, "नाना, ह्या भरतच्या. माझ्या कुठल्या?" मी हसून म्हणालो, तुझ्या तुझ्या सासरी. तू हसली नव्हतीस. हे मला इतकी वर्षं आठवलं नव्हतं, ह्याच महिन्यात आठवायला लागलं.

चौदा वर्षं त्या सळया उन्हापावसात उभ्या. तुझी आई त्यांना दोरी बांधून धुणं वाळत घालायची. पोरांना लागतील म्हणून मी काही वाकवून ठेवल्या. अठ्ठ्याण्णवला भरतचं लग्न ठरलं, मुहूर्ताला पाच आठवडे, आणि नव्या सुनेला नवा मजला हवा. गेणभाऊ आणि मी सळया सरळ करायला बसलो. गेणभाऊ डिंभ्याच्या धरणावर काँक्रीट ओतलेला माणूस, त्याला काय सांगायचं? लोखंडी पाइप घालून त्यानं पहिली उभी केली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "सयाजीराव, ही आतनं कुजलीया. कॉलम फोडून खालनं नवी जोडाय पायजे." कॉलम फोडायचे म्हणजे तीन आठवडे गेले. मी म्हणालो, काय होत नाही.

तू पुण्याहून आली होतीस. वाळूच्या ढिगात तुला सळईचा वीतभर तुकडा सापडला. केवलचंदसमोर, गेणभाऊसमोर, सगळ्या बिगाऱ्यांसमोर तू विचारलंस, "नाना, हे काय?" मी म्हणालो, कापलेलं टोक आहे. तू म्हणालीस, "खोटं बोलताय तुम्ही." बापाला, चार माणसांत. मी जे बोललो ते तुला पाठ असेल, इथं लिहीत नाही. तू पिशवी उचलून एसटी पकडलीस आणि भावाच्या लग्नालाही आली नाहीस.

तो तुकडा कापलेलाच होता. हे मी आजही सांगतो.

नाना


जुन्नर, १ मार्च

स्नेहल,

उत्तर नाही. टपालाला किती दिवस लागतात ते पोस्टात विचारून आलो. मास्तर म्हणाला, दहा-बारा. म्हणजे तुझं उत्तर सात तारखेच्या आत येणं कठीणच.

पहाटे गच्चीवर जाऊन टाकीच्या कडेवरून ओळंबा सोडला. दीड बोट बाहेर. मी बांधली तेव्हा सुताएवढाही फरक नव्हता, ही शपथ मी कुठंही घेईन. तसाच दोरी धरून उभा राहिलो. वारा नव्हता, तरी ओळंबा डुलतोय असं वाटायला लागलं. हात लावून थांबवला तर तो माझ्याच हातानं हलत होता.

दुसरी काच परवा तुटली. तिसरी लावलेली नाही.

तुझी कार्डं आता बघवत नाहीत. काल दाढी करताना हाँगकाँगमधली घरं एकेक मोजली आणि प्रत्येकात माणसं किती झोपत असतील याचा हिशेब करत बसलो. गालाला कापलं. ती सगळी उभी आहेत कारण प्रत्येक मजल्यावर एक कोणीतरी माणूस होता, ज्यानं कुजकी सळई बघून 'थांबा' म्हणलं. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या छत्र्यांचे पाये घालायला होतो मी, तिथंही होता. तरणाबांड साहेब. तांबूस झालेली सळई ट्रकमधनं उतरूच द्यायचा नाही. मीच कौतुक करायचो त्याचं. आमच्या गच्चीवर तो माणूस तू होतीस.

दुसऱ्याच्या घरात असं कधीच केलं नाही, स्नेहल. लोकांच्या घरात जाब विचारणारा असतो. माझ्या घरात मला कोण विचारणार होतं?

चार कॉलम. नऊपैकी चार. पाइप घालून सरळ करताना चार कॉलमांच्या सगळ्या सळया खाली टक् टक् मोडल्या. मी नव्या सळया नुसत्या शेजारी उभ्या केल्या, खाली कशातच न गुंतवता, आणि वर काँक्रीट ओतलं. गेणभाऊला भंडाऱ्याची शपथ घातली, कोणाला बोलायचं नाही. त्यानंतर त्यानं माझ्या हाताखाली काम केलं नाही. लोक विचारायचे का, मी सांगायचो, पितो तो. तो थेंबालाही शिवत नाही.

तुझ्या आईला सांगायचंय. रोज ठरवतो. ती हिरव्या साडीला फॉल लावत बसलेली असते, डोहाळ्याची गाणी म्हणत. मी तोंड उघडतो आणि म्हणतो, चहा टाक.

नाना


जुन्नर, ८ मार्च

स्नेहल,

सगळी जिवंत आहेत. आधी ते लिहितो.

काल सकाळी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली हरवली म्हणालो. भरतनं कोयंडा उचकटला. मग म्हणालो, टाकीला आग्या मोहोळ बसलंय. तुझी आई वर जाऊन आली. "कुठंयत माश्या? दावा की!" मग म्हणालो, माझ्या छातीत दुखतंय. ती घटकाभर बसली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "नातवंडाचं तोंड बघायच्या वक्ताला असं करू नका वो." तिला खरंच वाटलं. तेव्हा मला माझीच किळस आली.

पाच वाजता बाया यायला लागल्या. मी जिन्याच्या तळाशी उभा. एकेक वर जाताना मोजत होतो. सात, अकरा, सोळा. वरून गजऱ्यांचा वास आणि गोंधळ. केवलचंदची आई गुलाबबाई, ऐंशीची, तिला दोघी बगलेत धरून नेत होत्या. म्हणाली, "सयाजी, खाली का उभा? पुरुषांना बंदी हाय का?" ती गेली आणि वरून हर्षालीच्या बांगड्यांचा आवाज आला. कोणीतरी म्हणालं, बस बाई आता झोपाळ्यावर.

मी कसा चढलो मला माहीत नाही. गुडघे कामातून गेलेत माझे, तुला ठाऊक आहे. वर गेलो तर हर्षाली हिरव्या साडीत, फुलांचा मुकुट घालून, दोन्ही हातांनी झोपाळ्याच्या दोऱ्या धरलेल्या, बसायच्या बेतात. डोक्यावर टाकी. मोटार भरतनं दुरुस्तीसाठी उघडली होती, वायर जोडताच चालू झाली म्हणे, आणि टाकी काठोकाठ भरून बाजूनं पाझरत होती. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी ओरडलो, "बसू नको!"

सगळ्या वळल्या. मी म्हणालो, "खाली उतरा. हळू. एकेक. पळायचं न्हाई, ढकलायचं न्हाई. हा मजला खोटा हाय. मोडक्या सळयांवर मी बांधलाय. मला माहीत व्हतं."

कोणी हलेना. तुझी आई पुढं आली. "काय बोलताय? पिलाय का?" मी म्हणालो, "साळू, पोरीनं सांगितलं व्हतं. तिला मी घालवली. हर्षालीला आधी उतरव."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हर्षालीचा हात धरला आणि जिन्याकडं वळली. तिच्यामागं सगळ्या. पायांचा आवाज तेवढा येत होता. मी टाकीखाली उभा राहिलो. का, ते विचारू नकोस. मी तिथं उभा राहिलो तर ती पडणार नाही असं काहीतरी डोक्यात होतं. भरत वर आला, त्यानं माझी कॉलर धरली, पोरानं बापाची, आणि मला ओढत खाली नेलं. जिन्यात तो रडत होता. "नाना, तीन वर्सं ती तितं भाकऱ्या थापतीया," एवढंच म्हणत होता.

रस्त्यावर चाळीस बाया उभ्या आणि हर्षाली मधोमध. तेव्हा केवलचंद दुकानातनं बाहेर आला. म्हणाला, "साळुबाई, मुहूर्त टळायचा न्हाई. आपल्याकडं झोपाळा हाय." त्यानं पोती तोलायच्या मोठ्या काट्याचं एक पारडं रिकामं केलं, गादीवरची पांढरी चादर त्यात घातली, वरचे गजरे साखळ्यांना गुंडाळले. दुसऱ्या पारड्यात वजनं टाकून काटा समतोल केला. हर्षाली बसली. बायांनी गाणी म्हणली, आधी घाबऱ्या आवाजात, मग मोठ्यानं. गुलाबबाईनं ओटी भरली.

मी समोरच्या पायरीवर बसलो होतो. येणारेजाणारे बघत होते. पेठेला आतापर्यंत सगळं कळलं असणार. तुझी आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन माझ्यासमोरून गेली आणि न थांबता म्हणाली, "तीन वर्सं मी पोरीला म्हणत व्हते, बापाची माफी माग." 

नाना


जुन्नर, २ एप्रिल

स्नेहल,

तुझा फोन आला तेव्हा केवलचंदनं रस्त्यातूनच हाक मारली, "सयाजीराव, दुबई! तुमाला मागितलंय, साळुबाईला न्हाई!" दुकानात गिऱ्हाईकं होती, कोणी हललं नाही, उलट साखर मोजायची थांबली. तुला वाटलं असेल मी नीट बोललो नाही. तू "नाना, सगळे खाली आहात ना?" विचारलंस. पहिली तिन्ही पत्रं एकदम मिळाली म्हणालीस. मी हो हो करत राहिलो. ठेवायच्या आधी तू म्हणालीस, "उतरवा तो मजला. हळूहळू, वरून." तसंच केलं. आता सांगतो.

आधी गेणभाऊच्या घरी गेलो, डिंभ्याला. एसटी दीड तास उशिरा आली, तेवढा वेळ काय बोलायचं ते पाठ केलं आणि त्याच्या दारात सगळं विसरलो. तो जाळं विणत बसला होता. मी म्हणालो, गेणभाऊ, मी तुला दारुड्या म्हणून सांगितलं गावात. तो म्हणाला, "ठावं हाय." मग म्हणाला, "छिन्न्या आनू का तुमच्याकडं हायेत?" 

टाकी रिकामी केली, विटा उतरवल्या. खालून टेकू लावून स्लॅब फोडला, तेरा दिवस लागले. मग नुसते कॉलम उभे राहिले. स्वयंपाकघरातल्या त्या कॉलमपाशी गेणभाऊ घण घेऊन निघाला. भरत शिडीवर होता. म्हणाला, थांबा, बघू दे. त्यानं वरच्या टोकाला हात टेकवला आणि ढकललं. एका हातानं. दहा फुटांचा कॉलम करकरला आणि गच्चीवर आडवा झाला. खालची जागा विळीनं कापल्यागत गुळगुळीत होती. त्यात एकही सळई गुंतलेली नव्हती.

भरत शिडीवरून उतरला आणि भिंतीला धरून ओकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्यानं झटकला नाही.

नुसत्या हातानं, स्नेहल. तीन वर्षं ते त्याच्याखाली जेवले. मला अजून पहाटे त्या करकरण्यानं जाग येते. वर आता काहीच नाही, तरी येते.

मग धड निघालेल्या पाच कॉलमांच्या जुन्या सळया राहिल्या. मी करवत मागितली. तुझी आई वर आली, कंबरेवर हात. "सून पोटुशी हाय आन तुमी सळया कापताय? वंश कापताय?" मी काही बोलायच्या आत हर्षाली जिन्यातनं म्हणाली, "कापू द्या आत्या. माझ्या पोराला न्हाई लागत वरचा मजला." तुझ्या आईनं कंबरेवरचे हात काढले. सगळ्या वीस कापल्या, स्लॅबला बरोबर. वर सिमेंट घोटून दिलं. गावातली माणसं बघायला येतात. कोणी हसतं, कोणी विचारतं, सयाजीराव, आमच्या सळयांचं काय? मी प्रत्येकाच्या गच्चीवर जातो, काचेच्या पट्ट्या घेऊन. बोलावलं नाही तरी जातो.

काल लेण्याद्रीच्या पायऱ्या चढलो. अर्ध्यात दोनदा बसलो. तुझा तो कागद बरोबर नेला होता, गुंडाळी करून. तू बसली होतीस तिथं बसून रेघ जुळवून बघितली. शिवनेरी, मिनार, शिखर, गावची टाकी, सगळं जुळलं. तुझ्या रेघेत आपलं घर दोनच मजल्यांचं आहे, तू काढलीस तेव्हा तेवढंच होतं. आता परत तसंच दिसतं. फक्त तू वर सळया काढल्यास त्या आता नाहीत. मी पेन्सिलीनं त्या खोडायला गेलो, मग म्हणलं, कागद तुझा आहे. आलीस की तू खोड. मे महिन्यात हर्षालीचे दिवस भरतात. ये.

ह्या पाकिटात काहीतरी जड लागेल. आधी नुसतं वजन करायला नेलं तेव्हा पोस्टातल्या मास्तरनं विचारलं, आत काय आहे? मी म्हणालो, लोखंड. मजला उतरवताना तेव्हाच्या उरलेल्या वाळूच्या कोपऱ्यात सापडला तो वीतभर तुकडा. तू तेव्हा माझ्यासमोर धरलास तोच का दुसरा, सांगता येत नाही, पण टोक बघ. करवतीचं टोक गुळगुळीत असतं. हे खडबडीत आहे, तांबूस, मधे पोकळ.

तू विचारलं होतंस, नाना, हे काय. कापलेला नव्हता, पोरी. मोडलेला होता.

नाना